पाणी बदललंस का?

प्रयोगशाळेतल्या समुद्री गोगलगाईच्या पहिल्या खेपेची सगळी पिल्लं पाचव्या दिवशी सकाळी तळाला बसलेली दिसली. आदल्या रात्री दिवा मालवून निघाले तेव्हा ती बीकरच्या वरच्या दोन बोटं पाण्यात घिरट्या घालत होती. उजेडासमोर बीकर धरला की बारीक रवा पाण्यात न बुडता फिरत राहावा, तसं दिसायचं. सकाळी तोच रवा तळाशी गप्प पडला होता. ड्रॉपरने थोडं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. इवले शंख शाबूत, जीव आत आक्रसलेला, हालचाल काहीच नाही. तीन बीकर होते, तिन्हींत हेच.

बोस्टनला सकाळचे आठ म्हणजे रत्नागिरीत संध्याकाळचे साडेपाच. आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "पाणी बदललंस का गो?"

हा प्रश्न शिरगावच्या दिवसांपासूनचा. मी तिथल्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होते तेव्हा कोळंबीच्या बीजोत्पादनाच्या टाक्यांवर आमच्या पाळ्या लागायच्या. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, पण तिच्या पिल्लांना निमखारं पाणी लागतं, दर हजारी बाराच्या आसपास क्षारतेचं. तळाचा गाळ नळीने ओढून काढायचा, पाणी बदलायचं, आर्टेमिया हा बारीक जिवंत खाऊ घालायचा, मग घरी. पोचायला रात्र व्हायची. आई ताट वाढता वाढता विचारायची, पाणी बदललंस का? काम अर्धवट टाकून तर आली नाहीस ना, एवढंच तिला त्यातून विचारायचं असायचं. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या घरात राहिला.

पाणी मी बदललं होतं. पिल्लं तरीही गेली होती.

ही पिल्लं ज्या गोगलगाईची, तिचं शास्त्रीय नाव क्रेपिड्युला फॉर्निकाटा. इंग्रजीत तिला स्लिपर लिंपेट म्हणतात, कारण शंख उलटा केला की आत अर्ध्या भागावर एक पांढरा पातळ पडदा असतो आणि तो ऐवज थेट सपातेसारखा दिसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ही सर्रास सापडते. एकावर एक चढून यांची चळत बनते, कधी पाचसहा, कधी जास्त. तळाशी थोरली मादी, वर धाकटे नर. प्रत्येक जीव आयुष्य सुरू करतो नर म्हणून आणि पुढे मादी होतो. एकदा जागा धरली की ही गोगलगाय फारशी हलत नाही. कल्ल्यांनी पाणी गाळायचं आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खायचं, एका जागी बसून.

मग बसून राहणारा प्राणी एवढा पसरतो कसा? लहानपणी तो पोहतो. पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतं आणि प्रवाह नेईल तिकडे जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कालवांबरोबर ही जात इंग्लंडला पोचली आणि पुढे युरोपच्या कितीतरी किनाऱ्यांवर कालवांच्या जागा अडवून बसली. माणसाने तिला समुद्रापार नेलं हे खरं, पण तिथून पुढचा किनारा तिच्या पिल्लांनी स्वतः पोहून धरला.

मला अभ्यास करायचा होता उपासमारीचा. पोहण्याच्या दिवसांत पिल्लाला खायला मिळालं नाही आणि नंतर भरपूर मिळालं, तर ती उणीव भरून निघते का? बोस्टनजवळच्याच टफ्ट्स विद्यापीठात जॅन पेचेनिक यांनी या जातीवर असं काम केलेलं आहे. तिथे दिसून आलं की थोडे दिवस उपाशी राहिलेलं पिल्लू तगतं, रूपांतर होऊन गोगलगाय बनतं, दिसायला धड असतं, आणि तरीही पुढे हळू वाढतं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्याच वाटेने आणखी थोडं पुढे जायचं मी ठरवलं.

पण उपाशी ठेवण्याआधी पोटभर खाऊ घालणं जमायला हवं. पोट भरलेलीच पिल्लं माझ्या हातून मरत असतील, तर उपाशी पिल्लाला काय झालं हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

मे महिन्यात ओहोटीला बोस्टनच्या दक्षिणेच्या बझर्ड्स बे या खाडीच्या किनाऱ्यावरून मोठ्या चळती आणल्या होत्या. गार पाण्यात गुडघाभर उभं राहून दगडांमधून चळती सोडवताना मला आमच्याकडच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका आठवल्या. फरक एवढाच की इथे पाण्यात दहा मिनिटं हात घातला की बोटं बधिर. प्रयोगशाळेत चळती उबदार पाण्यात ठेवल्या, शेवाळ घालत राहिले. मादी अंडी बाहेर टाकत नाही. पातळ पिशव्यांमध्ये भरून ती स्वतःच्या पायाखाली, शंखाच्या आडोशाला, आठवडे सांभाळते. एका विणीत हजारो अंडी असतात. सुरुवातीला पिवळी, पिल्लांचे शंख तयार होत आले की करडी तपकिरी. काचेला चिकटून बसलेली मादी असेल तर खालून हा रंग बदलताना दिसतो. मी दिवसातून दोनदा वाकून बघायचे.

आणि एका सकाळी टाकीत वरच्या थरात धूसर ढग दिसतो. रात्रीत मादीने पिल्लं सोडलेली असतात.

पहिली खेप का गेली ते शोधायला मला आठवडा लागला. पाणी तपासलं, क्षारता तपासली, तापमानाची नोंद पाहिली. सगळं जिथल्या तिथे. शेवटी माझ्या मार्गदर्शक बाईंनी बीकर हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, हे कुठल्या कपाटातले? सामाईक कपाटातले होते. त्यात कधी नमुने टिकवायचं फॉर्मालिन ठेवलं गेलं असेल, कधी साबणाने घासून पुरतं खळबळलं नसेल. माणसाच्या नाकाला, जिभेला न कळणारा अंश पिल्लाला पुरतो. त्याचं अंगच उघडं, पाण्यातलं सगळं त्याच्या पेशींना थेट भिडतं. त्या दिवसापासून पिल्लांची काचभांडी वेगळी. त्यांवर लाल पट्टी, वेगळं कपाट, फक्त गरम पाण्याने धुवायची, साबणाचा संबंध नाही. चूक माझीच होती. शिरगावात दुधाचं पातेलं वेगळं ठेवावं तशी टाक्यांची भांडी आम्ही वेगळी ठेवायचो, आणि हे माहीत असूनही इथे चकचकीत काच बघून मी विश्वासले.

दुसरी खेप जगली, पण रडतखडत. तिच्यात दोन गोष्टी शिकले.

पहिली, पाण्याच्या वरच्या कातडीची. पिल्लाचा शंख पाण्याला चिकटत नाही. पोहता पोहता ते पृष्ठभागाला लागलं की तिथेच अडकतं, शंख हवेत उघडा पडतो आणि मग कितीही पंख मारले तरी खाली येता येत नाही. संध्याकाळी पृष्ठभागावर पिठासारखा थर दिसायचा, तो थर म्हणजे अडकलेली पिल्लं. यावर उपाय आहे सेटिल अल्कोहोलचा. हातापायाला लावायच्या क्रीममध्ये असतं तेच. पांढरे मेणासारखे कपटे असतात, दोन-तीन कपटे पाण्यावर भुरभुरले की पाण्याची ओढ सैल पडते आणि पिल्लं मोकळी होतात. ड्रॉपरने वरून हळूच पाण्याचे थेंब सोडून मी उरलेल्यांना खाली ढकलायचे. एकेकाला.

दुसरी गोष्ट चाळण. पाणी बदलायचं म्हणजे पिल्लं गाळून नव्या पाण्यात सोडायची. प्लॅस्टिकच्या नळाच्या तुकड्याला खाली नायलॉनची जाळी चिकटवलेली असते, भोकं मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी. पिल्लं अडकतात. विष्ठा, मेलेलं शेवाळ आणि पाण्यात माजणारे एकपेशीय जीव निघून जातात. हे एकपेशीय जीव फार वाईट. एकदा वाढले की दुबळ्या पिल्लांवर तुटून पडतात, म्हणून दर दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचंच. सुरुवातीला मी चहा गाळतात तशी चाळण हवेत धरून वरून पाणी ओतत होते. पिल्लं जाळीवर आपटत होती, क्षणभर कोरडी पडत होती, शंखाच्या कडा फुटत होत्या. चाळण पसरट भांड्यात, पाण्यात अर्धी बुडवून ठेवायची आणि बीकर तिच्या कडेला टेकवून सावकाश तिरका करायचा. पिल्लाच्या अंगावरून पाणी एक क्षणही हटता कामा नये. मनगटाला हे वळण लागायला महिना गेला.

तिसरी खेप जूनच्या अखेरीस आली आणि यावेळी हात तयार होता.

दिवस लवकर सुरू व्हायचा. आधी शेवाळ बघायचं. आयसोक्रायसिस गॅल्बाना नावाचं, सोनेरी तपकिरी, एकेक पेशी पाच मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशाच्या आसपास. मोठ्या चंबूंमध्ये ट्यूबलाइटसमोर ते वाढवायचं. त्याला घालायचं खत ‘एफ बाय टू’ या नावाने जगभर ओळखलं जातं. गिलार्ड आणि रायदर यांनी १९६२ साली छापलेल्या कृतीतून ते आलं. शेवाळ जोमात असतं तेव्हा चंबूत फिरवलं की रेशमासारखी लाट उठते, म्हातारं झालं की तळाशी बसतं आणि रंग मरतो. म्हातारं शेवाळ पिल्लं खातात पण त्यांना ते लागत नाही. त्यामुळे एक चंबू ऐन जोमात, एक वाढता, एक नुकता पेरलेला, अशी रांग कायम चालू ठेवावी लागते. विरजण संपू द्यायचं नाही, तसंच हे. मग चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून पेशी मोजायच्या आणि हिशेब करून बीकरमध्ये घालायचं, एका मिलिलिटरला सुमारे १ लाख ८० हजार पेशी. पाणी गाळलेलं, ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून. हे सगळं सांगायला सोपं आहे. आठ बीकर असतील तर सकाळ त्यातच जाते.

दर दोन दिवसांनी काही पिल्लं मोजायला काढायचे. जन्मतः शंखाची लांबी अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी असते.

नवव्या दिवशीचं एक पिल्लू मला अजून डोळ्यांसमोर आहे. पोकळ काचेवरच्या थेंबात ते आधी शंखात शिरून बसलं. मी हात न हलवता थांबले. मग शंखाच्या तोंडातून दोन पातळ पाळ्या उमलत बाहेर आल्या, शंखाहूनही रुंद, पारदर्शक. यालाच व्हेलम म्हणतात आणि त्यावरून या अवस्थेच्या पिल्लाला व्हेलिजर. पाळ्यांच्या कडेने बारीक केसांची रांग, आणि ती सगळी एकामागोमाग वाकत असल्यामुळे कडेवरून लाट धावतेय असं वाटतं. भाताच्या खाचरावरून वारा जातो, तशी. तीच वल्ही आणि तेच जेवायचे हात. लाटेबरोबर शेवाळाच्या पेशी कडेच्या पन्हळीत ओढल्या जातात आणि रांगेने तोंडाकडे सरकतात. पारदर्शक शंखातून पोट दिसत होतं, खाल्लेल्या शेवाळाने सोनेरी तपकिरी झालेलं. पोटात अन्न गोल फिरत होतं. दोन काळे डोळे, त्यांच्या मागे धडधडणारं हृदय. मी श्वास रोखून बघत होते आणि ते जेवत होतं.

जीवशास्त्रज्ञ एडविन कॉंक्लिन याच प्राण्यांच्या अंड्यांकडे वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत असेच तास न् तास बघत बसले असतील. अंड्यातली कुठली पेशी पुढे कुठला अवयव होते याचा माग त्यांनी पेशी पेशी धरून काढला आणि १८९७ साली तो छापला. त्यांच्या आकृत्या मी छापून भिंतीला लावल्या होत्या. एवढं बारीक बघायला प्रेम लागतं, असं मला मनापासून वाटतं.

त्या नवव्या दिवसापासून मी मरतुकीचे आकडे आधी लिहायचं सोडलं. आधी बघायचं, पाळ्या पूर्ण उमललेल्या आहेत का, पोटाला रंग आहे का, पोहणं सरळ आहे का. पिल्लू दोन दिवस आधी सांगतं की त्याचं बिनसलंय. मेल्यावर मोजणं फार उशिराचं.

दहाव्या दिवशी उपास सुरू करायचा होता. चार बीकरना शेवाळ, चारांना नुसतं गाळलेलं पाणी, तीन दिवस. मला वाटलं होतं हे फक्त कामाचं एक पान असेल. पण स्वच्छ पाण्यात सोडलेल्या पिल्लांकडे दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाळ्या पूर्ण उघडलेल्या, लाट चालू, आणि पन्हळीतून काहीच येत नव्हतं. पोट काचेसारखं रिकामं. ती तक्रार न करता वल्ही मारत होती. शेजारच्या बीकरमधली पोटं तपकिरी.

आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कशाला गो, बिचाऱ्यांना?" मी तिला समजावलं की समुद्रात असे दिवस खरंच येतात, शेवाळ एकदम कमी होतं, आणि त्याचा डाग मोठेपणी उरतो का हे कळायला दुसरा मार्ग नाही. ती म्हणाली, "तीनच दिवस ना? मग चौथ्या दिवशी पयलं काम तेच कर." चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी प्रयोगशाळेत होते. शेवाळ घातलं आणि अर्ध्या तासाने काढून पाहिलं, पोटांत रंग चढत होता. मला रडू आलं.

पुढे शंखाच्या ओठाभोवती एक वेगळी कड धरू लागली. टोपीला काठ असावा तशी. ही कड दिसली की पिल्लू रूपांतराला तयार होत आलं असं समजतात. आता ते पोहता पोहता पाय बाहेर काढून तळ चाचपून बघतं, रांगतं, पुन्हा उडतं. समुद्रात त्याला थोरल्यांच्या चळतीचा सुगावा लागला की ते तिथे उतरतं, म्हणूनच चळती बनतात. प्रयोगात सगळ्यांना एकाच वेळी उतरवायचं असेल तर पाण्यातलं पोटॅशियम वाढवतात. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण १० मिलिमोल असतं, त्यात आणखी २० मिलिमोल घालायचं. काही तासांत निकाल.

मी पहिल्या तासापासून बशीजवळ बसले. आधी सगळी तळाला आली. पाय पसरून काचेला धरलं. पाळ्या अजून होत्या, पण लाट तुटक झाली. मग पाळ्या आक्रसत गेल्या. जिने नऊ-दहा दिवस मला खिळवून ठेवलं होतं ती केसांची रांग माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. सहाव्या तासाला बशीत जवळजवळ मिलिमीटरभर लांबीच्या, काचेला घट्ट बसलेल्या गोगलगाई होत्या. त्यांना लगेच स्वच्छ पाण्यात घेतलं, शेवाळ दिलं. आता त्या पाण्यात तरंगून खाणार नव्हत्या, कल्ल्यांनी गाळून खाणार होत्या.

उपाशी राहिलेल्याही सगळ्या उतरल्या. भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे मला ओळखता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यांत पट्टी लावली तेव्हा कळत गेलं. जेवण दोघांना सारखंच होतं आणि एक गट मागे पडत होता.

काही पिल्लं मी प्रयोगाबाहेर ठेवली होती, पोटॅशियम न देता, एका बीकरमध्ये, ज्यात चळतीजवळचं पाणी घालत होते. एकविसाव्या दिवशी पाणी बदलायला बीकर उचलला तर आत कोणीच पोहताना दिसेना. छातीत धस्स झालं. उजेडासमोर धरला. काचेच्या आतल्या भिंतीवर, खालच्या भागात, ती सगळी आपापली जागा धरून बसली होती. तीन तर एकमेकांना इतकी खेटून की चळतीची सुरुवात वाटावी.

चाळण हातात होती ती मी खाली ठेवली. बीकर सरळ तिरका केला, जुनं पाणी सगळं ओतून दिलं. एकही जागचं हललं नाही. कडेने हळूच नवं पाणी सोडलं, शेवाळ घातलं, आणि रत्नागिरीला फोन लावला.

"पाणी बदललंस का?"

"हो, आई. आज चाळणीशिवाय."